वारंवार होणारी तोंडातली पांढरी बुरशी: औषधाच्या आधी लाळेकडे बघा

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. सासूबाई सत्तरीच्या आहेत. मधुमेह जुना, त्यासाठी ग्लिमेपिराइड चालू. वरची-खालची पूर्ण कवळी, जी त्या रात्रीही काढत नाहीत. पायांची आग होते म्हणून झोपताना अमिट्रिप्टिलिनची एक गोळी. वर्षभरात तिसऱ्यांदा तोंडात पांढरे चट्टे आले आहेत, टाळू लालभडक आहे, ओठांच्या कडा चिरल्या आहेत. फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी घेतली की आठवड्यात आराम पडतो आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेच. तुमचे प्रश्न तीन आहेत: लाळेत बुरशी मारणारी द्रव्यं असतात हे खरं का, खरं असेल तर सासूबाईंच्या बाबतीत ती काम का करत नाहीत, आणि लाळ सुटावी म्हणून लिंबू चोखायला द्यावं का. शिवाय मावशींनी टाकणखाराची लाही मधात कालवून लावायला सांगितली आहे, तिच्याबद्दलही तुम्ही विचारलंय.

मुखरोग विभागात काम करताना वारंवार उलटणाऱ्या बुरशीचे रुग्ण मी रोज बघते. त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत औषध चुकलेलं नसतं. लाळ आटलेली असते, किंवा लाळ जिथे पोचायला हवी तिथे पोचतच नसते. सासूबाईंच्या बाबतीत मला दोन्ही दिसतंय.

आधी बुरशीबद्दल. ही बाहेरून लागण होऊन येते असं समजून घरोघरी म्हाताऱ्या माणसाचा पेला, ताट वेगळं काढलं जातं. कृपा करून तसं करू नका. कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी साधारण निम्म्या धडधाकट माणसांच्या तोंडात कायमची मुक्कामाला असते आणि त्यांना तिचा पत्ताही नसतो. तुमच्या-माझ्या तोंडातही ती असू शकते. गोल पेशींच्या रूपात, थोड्या संख्येने असते तोवर तिचा काही त्रास नाही. आवर सुटला की याच गोल पेशींना लांब तंतू फुटतात. तंतू तोंडाच्या अस्तराला घट्ट चिकटतात, पेशींमध्ये घुसतात आणि कँडिडालायसिन नावाचं एक विष सोडतात. हे विष २०१६ मध्ये ओळखलं गेलं आणि अस्तराच्या पेशी नेमक्या कशाने फाटतात याचा उलगडा झाला. आपल्याला दिसणारा पांढरा थर म्हणजे बुरशीचे तंतू, गोल पेशी आणि मेलेलं अस्तर यांचा साका. तो खरवडून काचपट्टीवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की फांद्या फुटल्यासारखे तंतू आणि त्यांना लगडलेल्या गोल पेशी स्पष्ट दिसतात. शंका असेल तेव्हा ही तपासणी जरूर करून घ्या. स्वस्त आहे आणि थोड्याच वेळात निकाल कळतो.

आता इतकी वर्षं गप्प बसलेली बुरशी या वर्षी तीनदा का उठली, ते बघू. तिला गप्प बसवण्याचं मोठं काम लाळ करते, आणि ते एका पद्धतीने नाही, अनेक पद्धतींनी करते.

सगळ्यात साधी पद्धत वाहण्याची. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. जागेपणी, काही खात नसताना मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलीटर. जेवताना कितीतरी जास्त. गाढ झोपेत मात्र जवळजवळ काहीच नाही. हा झोपेचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तोंडात लाळ काही साठून राहत नाही. ती दात, गाल, जीभ यांच्यावर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या किंवा त्याहून पातळ थराच्या रूपाने पसरते आणि सरकत राहते. थोडी साचली की आपण नकळत गिळतो. लाळेतल्या म्यूसिन या बुळबुळीत प्रथिनांना बुरशीच्या पेशी चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि गिळताना पोटात जातात. अस्तराला चिकटायला उसंत मिळाली नाही तर बुरशीला पाय रोवता येत नाहीत. शिवाय म्यूसिनच्या सहवासात बुरशीची तंतू फुटण्याची प्रवृत्तीही दबते, हे प्रयोगशाळेत दिसून आलंय.

हा लाळेचा थर तोंडात सगळीकडे सारखा नसतो. टाळूच्या कडक भागावर तो सगळ्यात पातळ असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. बुरशी टाळूवर लवकर का बसते याचं एक कारण हे. आणि त्याच टाळूवर वरची कवळी बसते.

दुसरी पद्धत रासायनिक आहे आणि मला स्वतःला लाळेचा हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथी हिस्टॅटिन नावाची छोटी प्रथिनं लाळेत सोडतात. १९८८ मध्ये बोस्टनमध्ये फ्रँक ओपेनहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन केलं. माणूस आणि त्याच्या जवळचे वानरवर्गीय प्राणी यांच्याच लाळेत ती सापडतात. त्यातलं बुरशीवर सगळ्यात प्रभावी हिस्टॅटिन-५. अवघ्या २४ अमिनो आम्लांची साखळी, त्यातली ७ हिस्टिडीन. आकाराने एवढंसं, पण कँडिडाला मारायची त्याची रीत आपल्या बहुतेक औषधांपेक्षा निराळी आहे.

ते बुरशीचं आवरण बाहेरून फोडत बसत नाही. आधी बुरशीच्या भिंतीवरच्या एका प्रथिनाला धरतं. मग बुरशीला पॉलिअमाइन नावाचे उपयोगी रेणू आत ओढून घ्यायची जी स्वतःची वाहतूक व्यवस्था असते, त्याच वाटेने आत शिरतं. विष घातलेली कणकेची गोळी उंदराने आपणहून बिळात न्यावी, तसा हा प्रकार. आत गेल्यावर बुरशीच्या पेशीतून पोटॅशियम आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर गळू लागतात, पेशीची ऊर्जा संपते आणि ती मरते. औषधाला दाद न देणाऱ्या कँडिडा अल्बिकन्सवरही ते चालतं, कारण त्याची वाटच वेगळी.

इथेच तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. फ्लुकोनॅझोल बुरशीच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. त्याने कँडिडाची वाढ थांबते, पण पेशी मरतातच असं नाही. थांबलेल्या बुरशीचा निकाल लावून तोंड साफ करायचं काम शरीराच्या संरक्षक पेशी आणि लाळ यांनी करायचं असतं. लाळच नसेल तर औषध चालू आहे तोवर बुरशी दबून बसते आणि गोळ्या संपल्या की तिथूनच पुन्हा वाढते. सासूबाईंचा महिन्या-दीड महिन्याचा हिशेब याच्याशी अगदी जुळतो.

हिस्टॅटिनला मर्यादाही आहेत. तोंडातली विकरं (एन्झाइम) त्याचे भराभर तुकडे करतात. कँडिडाची स्वतःची प्रथिनं कापणारी विकरंही त्याला तोडतात. त्यामुळे ते ताजं, सतत, झिरपत राहावं लागतं, एकदा मिळालेला साठा पुरत नाही. आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची: कँडिडा ग्लॅब्राटा नावाची भाऊबंद बुरशी हिस्टॅटिन-५ला फारशी दाद देत नाही आणि फ्लुकोनॅझोललाही बऱ्याचदा नाही. वयस्कर, कवळी वापरणाऱ्या, वारंवार फ्लुकोनॅझोल घेतलेल्या रुग्णांमध्ये ती जास्त सापडते. दर वेळी तेच औषध झालंय, तेव्हा या खेपेला टाळूचा आणि कवळीच्या आतल्या बाजूचा नमुना कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, पाठवा आणि कँडिडाची जात ओळखून मागा. पुन्हा डोळे मिटून तीच गोळी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लाळेतली बाकीची फौज थोडक्यात सांगते. लॅक्टोफेरिन लोह पकडून ठेवतं आणि बुरशीची उपासमार करतं. लायसोझाइम, जे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्याही आधी १९२२ मध्ये नाकातल्या स्रावात शोधलं, ते जंतूंच्या भिंतीवर हल्ला करतं. बुरशीवर त्याचा जोर बेताचाच. लॅक्टोपेरॉक्सिडेज लाळेतल्या थायोसायनेटपासून जंतुनाशक पदार्थ बनवतं. आयजीए ही प्रतिपिंडं बुरशीला आणि तिच्या तंतूंवरच्या चिकटणाऱ्या प्रथिनांना वेढून टाकतात. बायकार्बोनेट आम्लता मोडतं, आणि लाळ जितकी जोरात वाहते तितकं ते जास्त असतं. यातला कुठलाही एक घटक एकटा पुरा पडत नाही. सगळे मिळून, वाहत्या लाळेत, पुरे पडतात.

या फौजेला रसद पुरवणारी एक यंत्रणा रक्तात आहे. टी-पेशी नावाच्या काही संरक्षक पेशी आयएल-१७ नावाचा संदेश सोडतात, त्याने अस्तर आणि लाळग्रंथी बुरशीविरोधी प्रथिनं जास्त बनवतात. ज्यांच्यात जन्मतःच ही साखळी तुटलेली असते त्यांना कँडिडा आयुष्यभर छळते. सोरायसिससाठी सेक्युकिनुमॅबसारखी आयएल-१७ अडवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांतही तोंडाच्या बुरशीचं प्रमाण वाढतं. घरात कोणी ती घेत असेल तर हे माहीत असू द्या.

आता सासूबाईंच्या तोंडाकडे येऊ.

दिवसाचं तोंड आणि रात्रीचं तोंड या दोन वेगळ्या जागा आहेत असं समजा. झोपेत लाळ एरवीही जवळजवळ थांबते. त्यात त्या झोपताना अमिट्रिप्टिलिन घेतात. ज्या चेतातंतूंच्या हुकमावर लाळग्रंथी पाझरतात त्यांचा निरोपच हे औषध अडवतं. तोंड कोरडं पडणं हा त्याचा अगदी नेहमीचा परिणाम आहे. उरलीसुरली लाळही टाळूला मिळत नाही, कारण वर कवळी घट्ट बसलेली आहे. तिच्याखाली आठ तास लाळ नाही, जिभेची घासणी नाही, आम्लता वाढते, आणि कँडिडाची प्रथिनं कापणारी विकरं आम्लात जास्त जोराने चालतात. लाळेत साखर उतरलेली असेल, जी मधुमेह ताब्यात नसताना उतरते, तर बुरशीला खाऊही मिळतो. शुगर वाढलेली असताना बुरशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीही ढिल्या पडतात.

कवळी काढल्यावर टाळूवरची लाली कशी दिसते ते नीट बघा. बहुतेकदा ती बरोबर कवळीच्या आकाराची असते, कडेला रेघ मारल्यासारखी संपते आणि त्यापुढे मऊ टाळू गुलाबी, निरोगी. खालच्या कवळीखाली मात्र हिरडी सहसा ठीक असते, कारण खालची कवळी सैल तरंगते आणि तिच्याखालून लाळ खेळत राहते. एकाच तोंडात, एकाच बुरशीच्या शेजारी, लाळ जाते ती जागा बरी आणि लाळ अडते ती जागा लाल. लाळेचं काम याहून स्पष्ट मला कुठल्याही पुस्तकात दाखवता येणार नाही.

कवळीचं अॅक्रिलिकही निर्दोष नाही. साध्या डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण त्यात सूक्ष्म छिद्रं असतात आणि बुरशी त्यात थर करून राहते. लाळेतलीच काही प्रथिनं कवळीवर बसतात आणि बुरशीला धरायला आधार देतात, हेही खरं आहे. लाळ वाहती असेल तर हा आधार फारसा नडत नाही. ती थांबली की नडतो. अशा थरातल्या बुरशीपर्यंत पोटातून घेतलेली गोळी पोचतच नाही. तोंड औषधाने साफ झालं तरी कवळी तोंडात बसवताच बियाणं परत येतं.

"पण तोंड कोरडं पडतं अशी त्यांची तक्रार नाही," असं तुम्ही म्हणाल. बरेच जण तेच म्हणतात. लाळ साधारण निम्म्यावर येईपर्यंत माणसाला कोरडेपणा जाणवतच नाही. म्हणून मी विचारण्यापेक्षा बघते. तपासायचा आरसा गालाच्या आतल्या बाजूला टेकवून उचलायचा. निरोगी तोंडात तो सहज सुटतो, कोरड्या तोंडात गालाला चिकटतो, ओढून काढावा लागतो. मग जिभेखाली बघायचं: तिथे लाळेचं तळं साचलेलं असायला हवं, ते नसतं किंवा फेसाळ, तारा सुटणारी लाळ असते. मग कानापुढची ग्रंथी बाहेरून बोटांनी हलकेच पुढे दाबत आणायची आणि गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेच्या समोर येणाऱ्या बारीक उंचवट्यावर नजर ठेवायची. दात नसले तरी उंचवटा तिथेच असतो. तिथून स्वच्छ लाळेचा थेंब टपकन उमटायला हवा. कधी तो येतच नाही, कधी गढूळ येतो. शेवटी रुग्णाला शांत बसवून, डोकं किंचित पुढे झुकवून, १५ मिनिटं लाळ न गिळता पेल्यात पडू द्यायला सांगते. १५ मिनिटांत १.५ मिलिलीटरपेक्षा कमी म्हणजे लाळ खरोखर आटली आहे. यात महागडं यंत्र काही लागत नाही. तुमच्या दंतवैद्यांना एवढं करायला सांगा.

"वय झालं, लाळ कमी होणारच," हे वाक्यही मला खटकतं. वयाने लाळ थोडी घटते, विशेषतः काही खात नसतानाची, पण ग्रंथी आटायला एकटं वय पुरत नाही. म्हातारपणी तोंड सुकतं ते बहुतेकदा गोळ्यांनी. अमिट्रिप्टिलिन, सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामाइनसारखी औषधं, वारंवार लघवी होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, कंपवातासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेकटी फार काही करत नाही. तीन-चार एकत्र आल्या की तोंडाचं वाळवंट होतं.

म्हणून करायचं काय, तर आधी कवळी. आजपासून रात्री कवळी तोंडात ठेवायची नाही. नातवंडांसमोर बोळकं दिसतं याची त्यांना लाज वाटत असेल, ती मी समजू शकते, पण या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही औषधाने पडत नाही. झोपण्याआधी कवळी मऊ ब्रश आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासा. टूथपेस्ट नको, तिने ओरखडे पडतात आणि बुरशीला आणखी जागा होते. उपचार चालू आहेत तोवर कवळी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या ०.२ टक्के द्रावणात बुडवून ठेवा आणि सकाळी खळखळून धुऊनच तोंडात घाला. थोडे डाग पडतील, ते चालतील. डबीतलं द्रावण रोज बदला. ते टाळल्यामुळे डबीच बुरशीचं घर झालेली मी पुष्कळ पाहिली आहेत. टाळू आणि जीभही ओल्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा. कवळी जुनी, सैल असेल तर आतून नवा थर द्यावा लागेल किंवा ती बदलावी लागेल. ओठांच्या कडा चिरण्यामागेही बऱ्याचदा झिजलेली कवळी असते: जबडे जास्त मिटतात, कडेला घडी पडते आणि तिथे लाळ साचून त्वचा भिजत राहते. लाळ तोंडात वाहती राहिली तर संरक्षण करते, त्वचेच्या घडीत साचली तर तीच नडते.

औषधांमध्ये या प्रकाराला बहुधा जागेवर लावायचं औषध पुरतं: क्लोट्रिमॅझोलचा पेंट, किंवा निस्टॅटिनचं पातळ औषध तोंडात खेळवून. दोन्ही वेळा कवळी काढलेली हवी, नाहीतर औषध टाळूपर्यंत जातच नाही. क्लोट्रिमॅझोलचा पातळ हात कवळीच्या आतल्या बाजूलाही द्या. चट्टे गेले म्हणून चौथ्या दिवशी थांबू नका, दोन आठवडे पुरे करा. निस्टॅटिन आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या एकापाठोपाठ घेऊ नका. ती एकमेकांना निकामी करतात, मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. निस्टॅटिनच्या बाटलीत बऱ्याचदा साखर असते, मधुमेहात हेही ध्यानात ठेवा.

फ्लुकोनॅझोलबद्दल एक गंभीर सूचना. ते ग्लिमेपिराइडचं विघटन मंदावतं, आणि दोन्ही एकत्र घेताना शुगर अचानक खाली येऊ शकते. मागच्या वेळांना घाम, थरथर, चक्कर असं काही झालं होतं का ते आठवून बघा. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांच्याबरोबरही ते जपूनच द्यावं लागतं. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या फ्लुकोनॅझोलची मला या कारणाने भीती वाटते.

अमिट्रिप्टिलिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका. पायांची आग खरी आहे आणि झोप मोडली तर शुगरही बिघडेल. ज्यांनी गोळी दिली त्यांना सांगा की तोंडाला बुरशी वारंवार होते आहे. मात्रा कमी करता येईल का, तोंड कमी सुकवणारं दुसरं औषध चालेल का, हे ते ठरवतील. त्याच भेटीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), हिमोग्लोबिन, लोह आणि बी-१२ बघून घ्या. लोह आणि बी-१२ कमी असलं की तोंडाचं अस्तर पातळ होतं आणि बुरशीला वाट मिळते. शाकाहारी वयस्कर माणसांत, त्यातही वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी-१२ कमी सापडणं अगदी नेहमीचं. पण नुसतं "तोंड आलंय" म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू ठेवल्या तर बुरशी तशीच राहते आणि दिवस वाया जातात.

आता लिंबू. दात असलेल्या माणसाला मी लिंबू चोखायला कधीच सांगत नाही, कोरड्या तोंडात दात फार लवकर झिजतात. सासूबाईंना दात नाहीत, तरी सोललेल्या टाळूला लिंबू झोंबेल आणि त्या खाणंच टाळतील. चावणं हा लाळ सुटायचा सगळ्यात चांगला मार्ग आहे. भाकरीचा पापुद्रा चावून चावून खाणं हे पेज पिऊन राहण्यापेक्षा ग्रंथींसाठी चांगलं, मात्र टाळू शांत झाल्यावर. वेलदोड्याचा दाणा तोंडात ठेवता येईल. साखर नसलेली गोळी चालेल, खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी नको. घोट घोट पाणी जवळ असू द्या, चहाचे कप कमी करा. पाण्याने तोंड ओलं होतं, आराम वाटतो, पण हिस्टॅटिन आणि आयजीए पाण्यात नसतात. त्यामुळे पाणी पिऊन लाळेची कसर भरून निघत नाही. पिलोकार्पिनसारखी लाळ वाढवणारी गोळीही आहे, पण ती दमा, काही प्रकारचा काचबिंदू, हृदयविकार असताना चालत नाही आणि घाम फार आणते. सासूबाईंना तिची गरज पडेल असं मला आत्ता वाटत नाही.

टाकणखाराची लाही मधात कालवून लावणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि मावशी काळजीपोटीच सांगताहेत. टाकणखार बुरशीला थोडाफार रोखतोही. पण तो वरचेवर पोटात जाणं चांगलं नाही, आणि मध म्हणजे मधुमेही माणसाच्या तोंडात बुरशीसाठी साखरच. सासूबाईंना नको. घरात तान्हं बाळ असेल तर मुळीच नको. बाळांच्या तोंडात पांढरे चट्टे पुष्कळदा येतात, कारण त्यांची लाळ आणि प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो आणि टाकणखार त्यांना विषारी ठरतो. बाळाला बालरोगतज्ज्ञांनाच दाखवा.

हाच त्रास इतर कुणाला असेल तर कारणं थोडी वेगळी असतात. दम्याचा पंप घेणाऱ्यांच्या घशात आणि टाळूवर स्टेरॉइडची भुकटी बसते. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, वापरून, लगेच चूळ भरून थुंकली तर त्रास बहुतेक टळतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी किरणोपचार झालेल्यांच्या ग्रंथी जळून जातात. नव्या पद्धतीत कानापुढच्या ग्रंथीला शक्यतो वाचवलं जातं, तरी अशा रुग्णांना वर्षानुवर्षं बुरशीसाठी तपासत राहावं लागतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय, तोंड सुकतंय, सांधे दुखताहेत, आणि रुग्ण चाळिशी-पन्नाशीची बाई असेल, तर श्योग्रेन या आजाराची तपासणी करून घ्या. त्यात शरीर आपल्याच लाळग्रंथींवर उठतं, आणि बुरशी पांढऱ्या थराऐवजी नुसती लाल, आग होणारी जीभ अशा रूपात येते. तरुण, एरवी निरोगी माणसाला कारण नसताना जाड पांढरा थर आला तर एचआयव्हीची तपासणी सुचवायला मी संकोच करत नाही.

आणि प्रत्येक पांढरा डाग बुरशीचा नसतो. कापसाने पुसल्यावर निघतो आणि खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेला भाग दिसतो, तो बहुधा बुरशीचा. पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा, विशेषतः तंबाखू, मिश्री, सुपारी यांची सवय असलेल्या माणसात, दोन आठवड्यांच्या वर राहिला तर त्याचा तुकडा तपासायलाच हवा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी सुपारीने तोंड आखडलेले, तिखट झोंबणारे तरुण अजून आमच्याकडे येतात, आणि त्यातले कितीतरी आधी महिनोन्‌महिने बुरशीचं औषध लावून आलेले असतात.

२०२१ मध्ये कोरोनानंतर आलेल्या काळ्या बुरशीची धास्ती अनेकांच्या मनात अजून आहे, म्हणून तेही सांगते. तो म्युकरमायकोसिस, वेगळ्या जातीच्या बुरशीचा आजार. तो श्वासावाटे नाकातून शिरतो, रक्तवाहिन्या बंद करत हाडापर्यंत जातो आणि लाळेचा त्याच्यावर काही इलाज चालत नाही. सासूबाईंचे पांढरे चट्टे पुढे वाढून तो होत नाही. मात्र त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे गाल बधिर होणं, चेहऱ्याच्या एका बाजूला सूज, डोळ्याभोवती दुखणं, दुहेरी दिसणं, नाकातून काळपट स्राव किंवा टाळू काळा पडणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

गिळताना दुखायला लागलं किंवा छातीच्या मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तिथे लावायचं औषध पुरत नाही, पोटातूनच द्यावं लागतं, तेही शुगरवर लक्ष ठेवून.

कवळी रात्री बाहेर, जागेवरचं औषध पुरे दोन आठवडे, शुगर ताब्यात, आणि रात्रीच्या गोळीचा फेरविचार, एवढं झालं की तीन आठवड्यांनी टाळू पुन्हा दाखवा. त्यावेळी सासूबाईंच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांसकट, आणि कवळी ठेवायची डबी सोबत न्या.